वेष्टनावरचे हिरवे पान

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक काम सांगतो. घरात रिकामी झालेली खाद्यपदार्थांची वेष्टने पुसून, वाळवून आठवडाभर साठवायची आणि शनिवारी शाळेत आणायची. अन्नघटकांचा धडा फळ्यापेक्षा या कचऱ्यातून बरा शिकवता येतो, असा माझा अनुभव आहे. अलीकडे या वेष्टनांवर एक नवा शब्द ठळक अक्षरांत दिसू लागला आहे : 'प्लांट-बेस्ड', म्हणजे वनस्पतिजन्य किंवा वनस्पती-आधारित. सोबत बहुधा एखादे हिरवे पान असते. यंदा एका मुलीने बिस्किटांचा पुडा आणला, त्यावरही तो होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, गहू आणि साखर वनस्पतींपासूनच मिळतात ना? मग बाकीची बिस्किटे कशाची असतात?"

वर्ग हसला. पण प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर शोधताना रसायनशास्त्र, कायदा, इतिहास आणि व्यापार अशी बरीच भटकंती करावी लागते. ती आपण करू या.

आधी शब्दाकडे पाहू. हा शब्द आपण १९८० च्या सुमारास वापरात आणला, असे अमेरिकी पोषणतज्ज्ञ टी. कॉलिन कॅम्पबेल सांगतात. त्यांना आहार आणि कर्करोग यांच्या संशोधनाबद्दल बोलायचे होते. 'शाकाहार' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात धर्म किंवा प्राणिदया येते, म्हणून त्यांनी निराळा शब्द निवडला. त्यांच्या मनात होते ते डाळी, धान्ये, भाज्या आणि फळे, तीही फारशी प्रक्रिया न केलेली. पुढे हा शब्द संशोधकाच्या टिपणातून निघून विक्रेत्याच्या हाती गेला. वाटेत 'फारशी प्रक्रिया न केलेली' एवढी अट मात्र गळून पडली.

शिवाय 'आधारित' हा शब्द सैल आहे. वनस्पतींवर आधारित म्हणजे सगळेच वनस्पतींपासून, की बरेचसे? परदेशात कवकाच्या तंतूंपासून बनवलेला, मांसासारखा लागणारा एक पदार्थ अनेक वर्षे विकला जातो. त्याच्या काही प्रकारांत तंतू एकत्र बांधण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग घालतात. बरे, कवक ही वनस्पतीही नव्हे. व्हिटाकर यांनी १९६९ साली मांडलेल्या पंचसृष्टी वर्गीकरणात कवकांची सृष्टी वेगळी आहे, हे आपण नववी-दहावीत शिकवतोच. म्हणजे आळंबीच्या बर्गरवर हिरवे पान छापणारा जीवशास्त्राच्या पेपरात नापास व्हायला हरकत नाही!

आपल्याकडे याहून जुनी एक खूण आहे : चौकोनातला हिरवा ठिपका. २००१ सालापासून ती बंधनकारक झाली. पुष्कळांना वाटते की हिरवा ठिपका म्हणजे प्राण्यापासून आलेले काहीही नाही. तसे नाही. आपल्या नियमांत दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेणमाशीचे मेण आणि लाख यांना मांसाहाराच्या व्याख्येतून वगळले आहे. लाख एका कीटकापासून मिळते आणि काही गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणण्यासाठी ती वापरतात. ही व्याख्या आपल्या स्वयंपाकघराच्या चालीरीतीला धरून आहे आणि त्यात गैर काही नाही. पण जे दूधही घेत नाहीत त्यांना ती अपुरी पडते. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली 'व्हेगन' पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळी खूण आणली. ही खूण लावायची तर कच्च्या मालापासून शेवटपर्यंत प्राणिजन्य काहीही वापरलेले चालत नाही. येथे बारीकसारीक गोष्टीही आड येतात. उदाहरणार्थ, पदार्थांत घालतात ते ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून तयार केलेले असते.

ठिपका किंवा खूण एवढेच सांगते, की पदार्थ कुठून आला. त्यात काय आहे आणि वाटेत त्याचे काय झाले, हे ती सांगत नाही. हे नीट समजून घ्यायचे तर आपल्याच देशात गाजलेल्या एका जुन्या 'वनस्पतिजन्य' पदार्थाची गोष्ट पाहावी लागेल. त्याचे नावच मुळी 'वनस्पती' होते.

१९०२ साली विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने द्रव तेलाला घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तेल तापवायचे, त्यात निकेलची भुकटी उत्प्रेरक म्हणून घालायची आणि हायड्रोजन वायू सोडायचा. तेलातल्या मेदाम्लांच्या रेणूंत कार्बन अणूंच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. हायड्रोजन तेथे जाऊन बसतो, दुहेरी बंध एकेरी होतो आणि तेल थिजू लागते. स्वस्त तेलापासून तुपासारखा, टिकाऊ, पांढरा पदार्थ मिळू लागला. आपल्याकडे तो आधी परदेशातून येई. मग १९३२ साली मुंबईत शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तयार होऊ लागले आणि १९३७ साली 'डालडा' हे नाव बाजारात आले. 'दादा' नावाच्या डच व्यापाऱ्यांचे नाव आणि त्यात लिव्हर कंपनीचा 'ल', अशी या नावाची जन्मकथा सांगतात. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होता. तूप संपल्यावर त्यात तुळस लावली जाई.

'वनस्पती तूप' या दोन शब्दांवर त्या काळी किती वाद झाला, हे आज विस्मरणात गेले आहे. १९४६ साली गांधीजींनी 'हरिजन'मधून वनस्पतीवर टीका केली. स्वातंत्र्यानंतर संसदेत बंदीची मागणी झाली. मुख्य तक्रार होती ती तुपातल्या भेसळीची. पांढरे, रवाळ वनस्पती तुपात मिसळले की डोळ्यांना कळत नसे. वनस्पतीला रंग द्या, अशी मागणी होती. अमेरिकेतही लोण्याऐवजी विकल्या जाणाऱ्या मार्गारिनबाबत हेच घडले होते. न्यू हॅम्पशायर राज्याने तर मार्गारिन गुलाबी रंगवूनच विकावे असा कायदा केला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली तो रद्द केला. गंमत अशी, की १८६९ साली फ्रान्समध्ये जन्मलेले पहिले मार्गारिन वनस्पतिजन्य नव्हतेच, ते गाईच्या चरबीपासून केलेले होते.

आपल्याकडे रंगाऐवजी एक फार हुशार तोड निघाली. प्रत्येक वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. चवीसाठी नव्हे, ओळखीसाठी! तिळाच्या तेलातून सेसामॉल नावाचे संयुग मिळते. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफुराल यांच्याबरोबर त्याचा किरमिजी रंग येतो. हीच बोदुएँ चाचणी. प्रयोगशाळेत फरफुराल नसेल तर चिमूटभर साखर चालते. आम्लामुळे साखरेपासून फरफुरालसारखे संयुग तयार होते. परीक्षानळीत वितळलेले तूप आणि तितकेच तीव्र आम्ल घ्या, साखर टाका, मिनिटभर हलवा आणि पाच मिनिटे स्थिर ठेवा. खालच्या आम्लाच्या थरात लाल रंग आला तर तिळाचे तेल आहे. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, आम्ल मुलांच्या हाती देऊ नये. आणि मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : चाचणी वनस्पती शोधते, की तीळ? भेसळ करणाऱ्याने तीळ नसलेले पाम तेल वापरले तर काय होईल?

आता वेष्टनाकडे परत येऊ. पुढे 'कोलेस्टेरॉल' हा शब्द घरोघरी पोचला आणि तेला-वनस्पतीच्या डब्यांवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' अशी अक्षरे झळकू लागली. ती खोटी नव्हती. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होते, वनस्पतींत ते नाममात्र असते. म्हणजे जगातले प्रत्येक गोडेतेल कोलेस्टेरॉलमुक्तच असते. एखाद्या दुकानदाराने 'आमच्या मिठात साखर नाही' अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार. पण वाचणाऱ्याच्या मनात जे उमटे ते 'यात कोलेस्टेरॉल नाही' एवढेच नसे. 'याने माझे कोलेस्टेरॉल वाढणार नाही' हेही उमटे. ही दोन वाक्ये अगदी वेगळी आहेत, आणि दुसरे वनस्पतीच्या बाबतीत चक्क चूक होते.

का, ते पाहण्यासाठी तीन मेदाम्ले घेऊ. तिन्हींत कार्बनचे १८ अणू. ओलिक आम्लात एक दुहेरी बंध असतो आणि त्या जागी साखळीला बाक येतो. वर्गातल्या मुलांना कोपरात हात वाकवून एकमेकांना चिकटून उभे राहायला सांगा, दाटीने उभे राहता येत नाही. वाकडे रेणूही तसेच, एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत. म्हणून ओलिक आम्ल सुमारे १३ अंश सेल्सियसलाच वितळते. स्टिअरिक आम्लात दुहेरी बंध नसतो, साखळी सरळ असते आणि ते ६९ अंशांच्या आसपास वितळते. हायड्रोजन अर्धवटच सोडला तर तिसराच प्रकार घडतो. काही दुहेरी बंध शिल्लक राहतात, पण उत्प्रेरकावर ते फिरून 'ट्रान्स' मांडणीत जातात. ओलिकचे इलायडिक आम्ल होते. रेणुसूत्र तेच, अणू तेवढेच, दुहेरी बंधही आहे, पण बाक गेला. द्रवणांक थेट ४५ अंशांच्या जवळ! वनस्पती थिजायचे त्यात या ट्रान्स मेदाम्लांचा मोठा वाटा होता. शेंगदाण्याच्या किंवा सरकीच्या मूळ तेलात ती जवळजवळ नसतात.

१९९० साली मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी ५९ निरोगी माणसांना आळीपाळीने तीन प्रकारचे मेद असलेला आहार देऊन त्यांचे रक्त तपासले. ट्रान्स मेदाने रक्तातले वाईट समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढले आणि चांगले समजले जाणारे एचडीएल घटले. संपृक्त मेद एलडीएल वाढवतो, पण एचडीएल घटवत नाही. म्हणजे या हिशोबात ट्रान्स मेद त्याहूनही वाईट ठरला. कोलेस्टेरॉलचा कणही नसलेला, शंभर टक्के वनस्पतिजन्य पदार्थ रक्तातले कोलेस्टेरॉल बिघडवत होता. पुढे आपल्याकडे तेल-मेदांतल्या ट्रान्स मेदावर मर्यादा आली आणि टप्प्याटप्प्याने ती उतरवत १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली. तेलांच्या डब्यांवर 'कोलेस्टेरॉलशी झुंजणारे', 'हृदयाला सुखकर' असल्या शब्दांना नियमांनीच मनाई केली. डब्यावरचे विशेषण कायद्याला नाव घेऊन बंद करावे लागते, यातच विशेषणांची ताकद दिसते.

ट्रान्स मेद हटल्यावर त्याची जागा बहुतांशी पाम तेलाने घेतली. ते मुळातच अर्धवट घट्ट असते, हायड्रोजनची गरज पडत नाही. पण त्यातला जवळजवळ निम्मा मेद संपृक्त असतो. खोबरेल तेलात तर सुमारे ९० टक्के, साजूक तुपाहूनही जास्त. 'वनस्पतीचे म्हणजे असंपृक्त' हे समीकरण आपल्या पाठ्यपुस्तकांच्या सारांशातही कधीकधी डोकावते, ते काढून टाकायला हवे. त्या मुलीच्या पुड्यावर हिरवे पान होते आणि मागच्या बाजूच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पाम तेल होते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. हा एक नियम मुलांना पाठ असला तरी पुष्कळ झाले.

आता सर्वांत नाजूक जागा : दूध. बदाम, ओट, सोयाबीन यांपासून केलेली पांढरी पेये शहरांत मिळू लागली आहेत. ज्यांना दुधातली लॅक्टोज ही शर्करा पचत नाही, किंवा जनावरांच्या विचाराने ज्यांनी दूध सोडले आहे, त्यांना ती सोयीची आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या ओळखीच्या एका घरात दीड वर्षाच्या बाळाला दुधाऐवजी रोज बदामाचे पेय दिले जात होते. खोक्यावर बदामांचे सुंदर चित्र आणि पान. बाळाचे वजन वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी खोके घेऊन यायला सांगितले. मागे लिहिले होते : बदाम २ टक्के.

हे गणित सहावीच्या मुलालाही जमेल. २ टक्के म्हणजे १०० ग्रॅममध्ये २ ग्रॅम. २०० मिलिलिटरच्या पेल्यात ४ ग्रॅम, म्हणजे तीन ते चार बदाम. बदामात प्रथिने साधारण २१ टक्के, म्हणजे पेल्याला १ ग्रॅमही नाहीत. गाईच्या दुधाच्या तेवढ्याच पेल्यात सुमारे साडेसहा ग्रॅम असतात. उरलेले काय? पाणी, बहुधा थोडी साखर, आणि बदामाचा चुरा तळाशी बसू नये म्हणून एखादा डिंक. सोयाबीनचे पेय मात्र प्रथिनांत दुधाच्या जवळ जाते. म्हणजे 'वनस्पतिजन्य दूध' या एका नावाखाली दुधाच्या तोडीचे पेयही येते आणि बदामाचे धुणेही येते. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसतेच, ते वरून घातले आहे का ते पाहावे लागते. कॅल्शियम वरून घातलेले असले तर ते तळाशी बसते, म्हणून खोके हलवून घ्यायचे असते.

अशा पेयाला दूध म्हणावे की नाही, यावर जगभर खटले चालू आहेत. युरोपीय न्यायालयाने १४ जून २०१७ रोजी 'टोफूटाउन' या जर्मन कंपनीच्या प्रकरणात सांगितले की दूध, लोणी, चीज ही नावे प्राण्याच्या दुधाच्या पदार्थांनाच वापरता येतील, पुढेमागे खुलासा जोडला तरी चालणार नाही. परंपरेने रूढ असलेल्या नावांना सूट आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ च्या मसुद्यात उलट धोरण घेतले : दूध म्हणा, पण गाईच्या दुधापेक्षा पोषणात काय कमी आहे ते शेजारी लिहा. आपल्या प्राधिकरणाने युरोपसारखी वाट धरली आणि २०२१ साली संगणकावरून माल विकणाऱ्या कंपन्यांना अशी नावे असलेली पेये काढून टाकायला सांगितले. नारळाचे दूध आणि शेंगदाण्याचे लोणी यांना आपल्याकडेही धक्का नाही. सोलकढी सुखरूप आहे! मला स्वतःला अमेरिकी तोडगा जास्त शहाणपणाचा वाटतो. नाव बदलून त्या बाळाच्या आईला काही कळले नसते. 'प्रथिने दुधाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढी' असे समोर लिहिले असते तर कळले असते.

याच नाण्याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. आइस्क्रीममध्ये दुधातलाच मेद असावा लागतो. त्याऐवजी वनस्पती तेल वापरले तर 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहावे लागते. यावरून २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दोन मोठ्या कंपन्यांत खटला झाला. एकीच्या जाहिरातीने दुसरीच्या मालात वनस्पती असल्याचे सुचवले होते, न्यायालयाने ती जाहिरात रोखली. म्हणजे तेथे 'वनस्पती' ही चक्क बदनामी होती. पनीरचेही तसेच. पाम तेल आणि दुधाची भुकटी यांपासून पनीरसारखा दिसणारा स्वस्त पदार्थ बनतो. नियमाप्रमाणे तो दुग्धजन्य पनीर नाही हे वेष्टनावर लिहावे लागते, पण हॉटेलातल्या ताटात वेष्टन नसते. या पदार्थाच्या विक्रेत्याला हिरवे पान छापायची हौस नसते. किंमत वाढत असेल तेथे वनस्पती पुढच्या बाजूला येते, घटत असेल तेथे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जाते.

अशा पनीरची परीक्षा म्हणून आयोडीनचा थेंब टाकून दाखवणाऱ्या चित्रफिती मुले मला दाखवतात. थेंब निळा झाला नाही म्हणजे पनीर शुद्ध, असा त्यांचा निष्कर्ष असतो. आयोडीन पिष्टमय पदार्थ दाखवते, पाम तेल दाखवत नाही. बोदुएँ चाचणीही येथे निरुपयोगी, कारण तीळ नाही. खरी परीक्षा प्रयोगशाळेतली आहे. दुधाच्या मेदात ब्युटिरिकसारखी आखूड साखळीची, वाफेबरोबर उडून जाणारी मेदाम्ले असतात, ती ऊर्ध्वपातनाने वेगळी करून मोजतात. या मोजमापाला रायशर्ट-माइसल अंक म्हणतात. तुपाचा तो साधारण २४ ते ३० च्या दरम्यान येतो, पाम तेलाचा १ च्या आसपास. शाळेत हे मोजणे अवघड आहे. पण ब्युटिरिक आम्लाची ओळख मुलांना करून देता येते : लोण्याची वाटी चार दिवस उघडी ठेवा आणि हुंगा. तो आंबूस दर्प त्याचाच.